माळ, ओक आणि अग्नी

‘माळ’ म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ओसाड, निरुपयोगी जमीन उभी राहते. जेथे दाट झाडी नाही तेथे काहीच नाही, असा आपला समज. तो तपासून पाहण्यासाठी आज मी आपणांस अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, मॅडिसन शहरी नेणार आहे. तेथील विद्यापीठाच्या वृक्षोद्यानात जाणत्या वाटाड्याबरोबर हिंडता येते, आणि त्यासाठी ऑक्टोबरासारखा महिना नाही.

विंग्रा सरोवराजवळ प्रथम भेटतात ते ओक वृक्ष. त्यांची दाटी नाही. एकमेकांपासून दूर, ऐसपैस फांद्या पसरून ते उभे असतात. वाटाड्या बोट दाखवतो ते त्यांच्या खालच्या, आडव्या फांद्यांकडे. दाटीत वाढलेले झाड उजेडासाठी सरळ उंच जाते. ज्याला चोहोंकडून ऊन मिळाले तेच असे पसरते. फांद्यांचा घाट हाच येथील मोकळ्या भूमीचा दाखला होय. यांतील ‘बर ओक’ या जातीची साल बुचासारखी जाड असते; गवत पेटले तरी आतले खोड शाबूत राहते.

पुढे गवताचा प्रांत सुरू होतो. ‘बिग ब्लूस्टेम’ नावाचे गवत पुरुषभर उंचीहूनही वाढते आणि शरदात तांबूस होते. त्याच्या तुऱ्याला पक्ष्याच्या पायासारखी तीन बोटे असतात. त्याची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात. म्हणून वणव्यानंतर ते पुन्हा फुटते, पण झाडांची कोवळी रोपे होरपळतात. होचंक आदी मूळच्या लोकांनी शतकानुशतके असे वणवे लावून हा प्रदेश मोकळा राखला.

या मुळांनीच माती काळी, कसदार केली आणि तो कसच माळाच्या मुळावर आला. शेजारच्या इलिनॉय राज्यात 1837 साली जॉन डिअर याने पोलादी फाळाचा नांगर घडवला. अशा नांगरांनी चिवट गवताळ जमीन फोडली. वसाहतवाल्यांनी वणवे थांबवले, तेव्हा उरलेल्या ओकांभोवती रान माजले. विस्कॉन्सिनात एके काळी सुमारे 55 लाख एकर ओकांचे माळ होते. चांगल्या स्थितीत उरलेले आज 500 एकरही भरत नाहीत.

मग आपण पाहिले ते गवत कोठले? ते माणसांनी लावलेले आहे! 1934 साली या उद्यानाचे उद्घाटन झाले. आल्डो लिओपोल्ड यांच्यासारख्या अभ्यासकांनी नांगरटीच्या जमिनीवर पुन्हा माळ उभा करण्याचे मनावर घेतले आणि मंदीच्या काळातील बेकार तरुणांनी 1935 पासून तेथे रोपे लावली. परंतु परके गवत हटेना. तेव्हा जॉन कर्टिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1940 नंतरच्या दशकात प्रयोग करून दाखवले की, नेमक्या वेळी लावलेली आग परक्या गवताला मागे हटवते आणि माळाच्या वनस्पतींना बळ देते. आज तो माळ कर्टिस यांच्याच नावाने ओळखला जातो.

तथापि अग्नी हा भोळा मित्र नव्हे. 1948 साली शेजाऱ्याच्या जमिनीवरील गवताची आग विझवू लागताना लिओपोल्ड यांना हृदयविकाराचा झटका आला आणि त्यातच त्यांचा अंत झाला. आग लावावी ती जाणत्या हातांनी, वारा पाहून. हीच आजही तेथील रीत आहे.

श्रोतेहो, आपल्या दख्खनच्या माळांचे काय? तेथील कारणे वेगळी आहेत. पाऊस, माती, गुरे यांचा हिशेब निराळा आहे. पण गैरसमज मात्र एकच. 2025 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या मराठी वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख तपासले गेले. हिवर, खैर, तरटी अशा काटेरी झाडांचा हा उघडा प्रदेश म्हणजे तुटलेले अरण्य नसून शतकानुशतकांचा माळच आहे, असे त्यावरून दिसते. सोलापूरकडील माळढोक पक्ष्याचे घर ते हेच.

म्हणून माळावर वृक्षारोपणासाठी खड्डा खणण्यापूर्वी घटकाभर थांबावे, आणि येथे आधीपासून कोण नांदते आहे ते पाहावे. जेथे खरोखर अरण्य होते तेथे झाड लावणे हे पुण्य खरे. पण नांदत्या घरात दुसरा संसार थाटणे हे पुण्य नव्हे. एवढे या सहलीतून पदरी पडले तरी पुष्कळ झाले.