खुब्याची फाईल

(कोल्हापूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

अध्यक्षमहाराज आणि मे महिन्याच्या उकाड्यात पंख्याखाली जागा न मिळताही बसून राहिलेल्या श्रोतेहो,

कार्यक्रमपत्रिकेवर माझा विषय 'लहान मुलांच्या खुब्याचे विकार व शस्त्रक्रिया' असा छापला आहे. काल इथं गडकिल्ले होते, उद्या नाट्यसंगीत आहे. मधल्या दिवशी कुणाला तरी खुब्यावर बोलावं लागतंच. (हशा)

खुब्याची रचना मी सांगत बसत नाही. हे तालमींचं गाव आहे. खुबा कुठं असतो आणि निखळला की काय होतं, हे इथल्या मागच्या रांगेलाही ठाऊक आहे. एवढंच लक्षात ठेवा, की मांडीच्या हाडाचा वरचा गोल आणि कमरेच्या हाडातली खोबण एकमेकांच्या आधारानं वाढतात. गोल जागेवर नसला की खोबण उथळ राहते आणि खोबण उथळ राहिली की गोल आणखी निसटतो. तान्ह्या बाळाला यात काहीच दुखत नाही. सगळी फसगत तिथंच आहे. पोरगी चालायला लागते, एका बाजूला झुकत चालते आणि घरातले म्हणतात, शिकतीया अजून.

हजार बाळांमागं एक-दोघांत हा विकार सापडतो. मुलींत जास्त, डावीकडं जास्त, पहिलटकरणीच्या बाळात जास्त आणि पायाळू बाळात तर फारच जास्त. पायाळू माणसाचा पाय लागला की उसण जाते म्हणतात. जात असेल, मी वाद घालत नाही. पण पायाळू जन्मलेल्या बाळाच्या खुब्याची दीड महिन्याला सोनोग्राफी करून घ्या. मग त्यानं पुढं कुणाच्या उसणीला पाय लावायचा तो लावू दे. (हशा)

आता दुपटं. बाळाचे पाय सरळ ओढून, जुळवून, घट्ट बांधायची आपली रीत खुब्याला वाईट. जपानमध्ये १९७५ साली मोहीम झाली, की बाळांचे पाय असे सरळ करून गुंडाळू नका. त्याआधी तिथं शंभरात एक ते तीन बाळांत हा विकार दिसत असे. पुढं ते प्रमाण ०.२ टक्क्यांच्या खाली आलं. औषध नाही, सुई नाही, फक्त कापड सैल केलं.

दुसऱ्या रांगेतल्या आज्जी मान हलवताहेत. 'आमच्या पोरांना कुठं काय झालं?' बरोबर आहे आज्जी. बहुतेकांना होतच नाही. शिवाय पुढं तुम्ही त्यांना कडेवर मिरवलंत. कडेवर बाळ पाय फाकवून बसतं, ती स्थिती खुब्याला मानवते. आर्नोल्ड पाव्लिक या चेक डॉक्टरांनी १९४०च्या दशकात पट्ट्यांचा साज काढला, तोसुद्धा पाय दुमडून फाकलेले ठेवतो. पहिल्या सहा महिन्यांत विकार सापडला तर बहुतेक बाळं त्या पट्ट्यावर बरी होतात. मात्र निखळलेला खुबा नुसता कडेवर घेऊन बसत नाही. हे माझ्या नावावर गावात पसरवू नका.

सहा महिन्यांनंतर भूल देऊन खुबा बसवायचा आणि कमरेपासून प्लास्टर. दीड वर्षानंतर बहुधा उघडी शस्त्रक्रिया. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी १९५७ साली एक युक्ती काढली. खोबणीच्या वर कमरेचं हाड कापायचं, खालचा भाग पुढं आणि बाहेर वळवायचा, फटीत त्याच मुलाच्या हाडाचा त्रिकोणी तुकडा बसवायचा आणि तारांनी पक्का करायचा. गोलावर छप्पर येतं. मूल आणखी मोठं असेल तर मांडीचं हाडही थोडं आखूड करावं लागतं, नाहीतर गोलावर दाब येऊन त्याचा रक्तपुरवठा तुटतो. आमच्या धंद्यातली ही सगळ्यात वाईट गोष्ट. गोल चपटा होतो, पाय आखूड राहतो, पुढं सांधा झिजतो.

इथपर्यंत कुठल्याही डॉक्टरनं सांगितलं असतं. मला बोलायचंय ते पुढचं.

सॉल्टर यांनी १९५८ ते १९६५ या काळात ज्या दीड ते पाच वर्षांच्या मुलांवर ही शस्त्रक्रिया केली, त्यांचा पंचेचाळीस वर्षांनंतरचा हिशेब २००७ साली प्रसिद्ध झाला. लेखकांत स्वतः सॉल्टर होते. कृत्रिम सांधा न बसवता टिकलेले खुबे शस्त्रक्रियेनंतर तिसाव्या वर्षी ९९ टक्के, चाळिसाव्या वर्षी ८६ टक्के आणि पंचेचाळिसाव्या वर्षी ५४ टक्के. डावीकडून आवाज आला, 'म्हणजे निम्मे वाया!' असं कसं म्हणता? ती मुलं शाळेत गेली, त्यांनी संसार केले आणि पन्नाशीच्या उंबरठ्यावर त्यांना सांधा बदलावा लागला. न केलेल्या शस्त्रक्रियेशी तुलना करा आणि मग वाया म्हणा. डॉक्टर उगाच कापतात असं म्हणायची हल्ली पद्धत पडली आहे. असू दे.

मला या आकड्यांपेक्षा हेवा वाटतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. पंचेचाळीस वर्षांनी त्यांना जुनी माणसं आणि जुने एक्स-रे सापडले! आपल्याकडं आजेसासऱ्यांची पत्रिका सापडते, सुनेचा एक्स-रे सापडत नाही.

सापडणार कसा? हा विकार मुख्यतः मुलींचा. लग्न बघायला लागले की पहिली जाते ती फाईल. राधानगरीकडची एक बाई माझ्याकडं आली, वय त्रेचाळीस, जांघेत दुखतंय म्हणून. बरोबर आई आणि सासू. विचारलं, लहानपणी काही ऑपरेशन? आई म्हणाली, 'न्हाई वं, कायबी न्हाई.' तपासायला घेतलं तर जांघेवर हा एवढा व्रण. सासूबाई चहाला गेल्यावर आई खालच्या आवाजात म्हणाली, 'कागद बंबात घातलं डाक्टर, स्थळ यायच्या आदी.' गर्भारपणी ग्रहण पाळलं नाही म्हणून पोर अशी झाली, असंही आईला तिच्या सासरी ऐकवलेलं. त्यात काही तथ्य नाही, पण ते ऐकतच तिनं आयुष्य काढलं.

गंमत पुढं आहे. मुलीचा मामा शाळामास्तर. १६ फेब्रुवारी १९८० ला सूर्यग्रहण झालं. खग्रास पट्टा कारवार-हुबळीवरून गेला, आपल्याकडं खंडग्रास. गाव दारं लावून बसलेलं आणि मास्तर पोरांना अंगणात घेऊन उभे. काच म्हणून हातात काय, तर भाचीच्या ऑपरेशननंतरची फिल्म! (हशा) ती त्यांनी ट्रंकेत जपली. १९९५ चं दिवाळीतलं ग्रहण तिच्यातून बघितलं, १९९९ चं बघितलं, २०१० चं संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशीचं बघितलं. तुम्ही असं करू नका, एक्स-रेमधून सूर्य बघितला तर डोळ्याचा पडदा जळतो. मास्तरांचे डोळे शाबूत कसे राहिले ते नेत्रतज्ज्ञांना विचारा.

चाळीस वर्षांनी ती एकच फिल्म माझ्या हातात आली. दोन तारा, त्रिकोणी तुकडा, कोपऱ्यात १९७९ ची तारीख. गोल खोबणीत नीट बसलेला. म्हणजे शस्त्रक्रिया चांगली झाली होती आणि बिघाड पुढं, हाडं वाढताना झाला होता. तिसऱ्या वर्षापासून त्रेचाळिसाव्या वर्षापर्यंत तो खुबा कुणी पाहिलाच नव्हता. वयात येताना खोबण उथळ पडतेय असं दिसलं, तर आज ती पुन्हा वळवता येते आणि सांधा बदलणं बरंच पुढं ढकलता येतं. सांधा बदलायचाच झाला तरी खोबण आधी कुणी, कोणत्या दिशेला वळवली हे माहीत असणं...

पहिली चिठ्ठी आली. दहा मिनिटं म्हणताहेत. बरं.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्याच्या यादीत हा विकार आहे, अंगणवाडीत पथक येतं. बालरोगतज्ज्ञ आणि अस्थिरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ मध्ये एकत्र मार्गदर्शन काढलं, की मूल चालेपर्यंत प्रत्येक लसीच्या वेळी खुबे तपासावेत. तुम्ही आठवण करून द्या, डॉक्टर रागावणार नाहीत. रागावले तर मिरजेला जा. आपल्याकडं अवघड दुखणं झालं की मिरज, हे वानलेस साहेबांच्या १८९४ च्या दवाखान्यापासून चालूच आहे. (हशा)

पायाच्या रश्श्यानं खोबण खोल होते का, असा प्रश्न लिहून आला आहे. होत नाही. रस्सा मात्र जरूर प्या.

दुसरी चिठ्ठी. मालीश करणाऱ्या मावशींवर बोलायचं राहिलंच. फाईलचं तेवढं सांगतो. ऑपरेशन झालेल्या मुलीला वाढ पुरी होईपर्यंत, म्हणजे सोळा-अठरापर्यंत, डॉक्टर सांगतील तेव्हा नेऊन दाखवत राहा. फिल्म भंगारवाल्याला देऊ नका, तो तिच्यातल्या चांदीसाठी घेतो. खिडकीच्या उजेडाला धरून मोबाईलवर फोटो काढा, नाव आणि तारीख दिसेल असा. तो मुलीच्या स्वतःच्या फोनमध्ये असू दे. आईच्या फोनमध्ये ठेवलात तर स्थळं यायच्या आधी उडायचा. (हशा)

तिसऱ्या चिठ्ठीवर नुसतं उद्गारचिन्ह आहे. तीन-चार जण फिल्म घेऊन आलेले मला इथून दिसताहेत. खाली जिन्यापाशी ट्यूबलाईट आहे, तिथं बघू. ज्यांच्या घरी पोरं लहान आहेत, त्यांना आधी सोडा.