शिकागोचा उन्हाळा आणि घरी आलेले आई-बाबा

मे महिना संपत आलाय. ओहेअर विमानतळावर भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला भरलेल्या बॅगा घेऊन आपली आई-बाबा मंडळी उतरायला लागलीत. म्हटलं, आज त्यांच्याबद्दलच बोलू.

विषय तसा साधा आहे. शिकागोत उन्हाळ्यात काय काय करता येतं? याच्या याद्या तुम्हाला शंभर मिळतील. मी ही यादी वेगळ्या बाजूनं करणार आहे. ज्यांना इथे गाडी चालवता येत नाही, ज्यांना इंग्रजी बोलायचा संकोच वाटतो, आणि ज्यांच्या हातात दिवसभर वेळच वेळ आहे, त्यांच्या बाजूनं.

काय होतं ना, आपण त्यांना नायगारा दाखवतो, वॉशिंग्टन दाखवतो, मॉल दाखवतो. दोन आठवडे धावपळ होते. मग आपलं ऑफिस सुरू, मुलांचे समर कॅम्प सुरू, आणि उरलेले पाच महिने ते घरात. बाहेर पडावं तर रस्त्यावर माणूस दिसत नाही. सोन्याचा पिंजरा हा शब्द मी इथल्या कितीतरी आजी-आजोबांच्या तोंडून ऐकलाय. आणि गंमत म्हणजे, हे सगळं अशा शहराच्या शेजारी, जिथला उन्हाळा पूर्णपणे घराबाहेर साजरा होतो, आणि तोही बराचसा फुकट!

आधी वेळेचं गणित. इथला खरा उन्हाळा मेच्या शेवटच्या सोमवारी येणाऱ्या मेमोरियल डेपासून सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या लेबर डेपर्यंत. म्हणजे जेमतेम शंभर दिवस. पण दिवस केवढे मोठे! जूनच्या शेवटी सूर्य मावळतो साडेआठला. पुण्यात त्या दिवसांत सव्वासातच्या सुमाराला दिवेलागण होते. म्हणजे आपण कामावरून आल्यावरही दोन-तीन तास उजेड हातात असतो. तो सोफ्यावर घालवू नका, एवढंच म्हणणं आहे.

आता तलाव. लेक मिशिगनला तलाव म्हणणं म्हणजे सह्याद्रीला टेकडी म्हणण्यासारखं आहे. लांबी जवळजवळ ५०० किलोमीटर, पलीकडचा किनारा दिसत नाही, लाटा येतात. कोकणातल्या माणसाला पहिल्यांदा चुकल्यासारखं होतं, कारण सगळं समुद्रासारखं, पण खारा वास नाही! या पाण्याच्या काठानं जवळजवळ २९ किलोमीटरचा चालायचा आणि सायकलचा रस्ता आहे, लेकफ्रंट ट्रेल. वीसहून जास्त सार्वजनिक बीच आहेत. तिकीट नाही.

हे आपोआप झालेलं नाही, बरं का. १८३६ साली, शहर नुकतं आकाराला येत होतं तेव्हा, एका नकाशावर आजच्या ग्रँट पार्कच्या भागात नोंद केली गेली की ही जागा सार्वजनिक आहे, ती कायम मोकळी राहील, इथे इमारती नकोत. पुढे जमिनीचे भाव चढले आणि तिथे बांधकामं सुचायला लागली. तेव्हा माँटगोमेरी वॉर्ड नावाचा एक व्यापारी, टपालानं माल विकण्यासाठी प्रसिद्ध असलेला, १८९० पासून सुमारे वीस वर्षं कोर्टात भांडत राहिला. शहराशी वैर घेतलं, पण जागा मोकळी राहिली. आज आपण तिथे सतरंजी टाकून बसतो, ती त्या भांडणाची कमाई.

आणि मोकळा म्हणजे सगळ्यांना मोकळा, असंही लगेच झालं नाही. २७ जुलै १९१९ ला यूजीन विल्यम्स नावाचा सतरा वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा पोहता पोहता गोऱ्यांच्या मानल्या जाणाऱ्या पाण्यात गेला. किनाऱ्यावरून एका गोऱ्या माणसानं दगड मारले आणि तो मुलगा बुडाला. त्यातून उसळलेल्या दंगलीत ३८ माणसं गेली. म्हणून त्या वाळूवर आज सगळ्या रंगांची, सगळ्या भाषांची कुटुंबं शेजारी शेजारी छत्र्या लावून बसलेली दिसतात ना, ते मला साधं वाटत नाही.

बीचवर जाताना दोन गोष्टी. लाइफगार्ड असतील तेव्हाच पाण्यात उतरायचं आणि झेंडा बघायचा. हिरवा असेल तर ठीक, पिवळा असेल तर जपून, लाल असेल तर पाण्यात जायचं नाही. तलाव आहे म्हणून हलकं घेऊ नका, आतून जोरदार प्रवाह असतात. आणि जूनमध्ये पाणी अजून गारठलेलं असतं. पाय बुडवायला छान, पोहायला जुलै-ऑगस्ट बरा.

दुसरी जागा, मिलेनियम पार्क. आम्ही नेपरव्हिलला राहतो. तिथून मेट्राच्या ट्रेननं साधारण तासाभरात युनियन स्टेशन येतं. तिथून १५१ नंबरची बस. हा नंबर लिहून ठेवा, कारण हीच बस मिशिगन ॲव्हेन्यूवरून जाते आणि पुढे लिंकन पार्कलाही नेते.

मिलेनियम पार्कमध्ये अनीश कपूर यांचं क्लाउड गेट आहे. कपूर मूळचे मुंबईत जन्मलेले. स्टीलच्या १६८ पत्र्यांचं, आरशासारखं चकचकीत शिल्प. सगळं जग त्याला बीन म्हणतं. आमच्या आई, म्हणजे माझ्या सासूबाई, साताऱ्याहून आल्या होत्या. त्या बघताक्षणी म्हणाल्या, "अगं, हा तर काजू!" तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव काजूच. शेजारीच क्राउन फाउंटन. काचेचे दोन उंच मनोरे, त्यांवर शिकागोच्या सामान्य नागरिकांचे चेहरे दिसतात आणि मध्येच त्यांच्या तोंडातून पाण्याची धार सुटते. खाली मुलं वाटच बघत असतात. नातवंडांचे जादा कपडे बरोबर ठेवा, नाहीतर परतीच्या ट्रेनमध्ये कुडकुडतील.

संध्याकाळी तिथेच संगीत. ग्रँट पार्क म्युझिक फेस्टिव्हल १९३५ पासून चालू आहे. महामंदीत वादकांच्या हाताला काम नव्हतं आणि लोकांच्या खिशात पैसे नव्हते, तेव्हा हे मोफत कार्यक्रम सुरू झाले. आजही जूनच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत, साधारण बुधवारी, शुक्रवारी आणि शनिवारी संध्याकाळी पूर्ण ऑर्केस्ट्रा वाजतो आणि हिरवळीवर कुणीही बसू शकतं. पाश्चात्त्य संगीत कळत नाही, असं म्हणून टाळू नका. आमचे बाबा भजनी मंडळात पेटी वाजवतात. व्हायोलिनवाल्या पन्नास हातांचे गज एकाच वेळी वर जाताना बघून ते दोन तास हलले नाहीत. घरून दशम्या आणि चटणी नेली होती. आजूबाजूला लोक चीज आणि द्राक्षं खात होते, आम्ही दशम्या. कुणाचं काही बिघडलं नाही.

ऊन फार झालं तर समोर शिकागो कल्चरल सेंटर आहे. १८९७ ची इमारत, पूर्वीची सार्वजनिक लायब्ररी. वर रंगीत काचांचा भलामोठा टिफनी घुमट. प्रवेश मोफत, आत गार, आणि स्वच्छतागृह आहे. वयस्कर माणसांबरोबर फिरताना हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं, हसू नका!

तिथून थोडं दक्षिणेला चाललं की आर्ट इन्स्टिट्यूट. याच इमारतीत ११ सप्टेंबर १८९३ ला स्वामी विवेकानंद सर्वधर्मपरिषदेत बोलले. आत जायला तिकीट आहे, पण बाहेरच्या सिंहांजवळ फोटो काढून ही गोष्ट नातवंडांना सांगायला आजोबा लागतातच.

१५१ पकडून पुढे गेलात की लिंकन पार्क झू. १८६८ मध्ये न्यूयॉर्कहून भेट आलेल्या हंसांच्या दोन जोड्यांपासून सुरू झालेलं प्राणिसंग्रहालय, वर्षभर मोफत. पैसे खर्च करायचेच असतील तर नदीवरच्या बोटीची, उंच इमारतींची माहिती देणारी दीड तासाची फेरी करा. याच नदीचा प्रवाह १९०० साली कालवा खणून उलटा फिरवला, शहराची घाण पिण्याच्या तलावात जाऊ नये म्हणून. इंजिनिअर आजोबा असतील तर त्यांना दुसरं काही दाखवायची गरजच नाही.

आता मी जरा गंभीर बोलणार आहे. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली. १३ जुलैला पारा ४१ अंशांवर गेला. तुम्ही म्हणाल, ४१? नागपूर-चंद्रपूरला तर एप्रिलमध्येच होतं! पण इथे हवा दमट होती, रात्रीही गारवा नव्हता, घरं विटांची, अनेकांकडे एसी नाही. त्या काही दिवसांत ७०० हून अधिक माणसं दगावली. त्यांतली बरीच म्हातारी, एकटी राहणारी.

एरिक क्लिननबर्ग नावाच्या समाजशास्त्रज्ञानं यावर हीट वेव्ह हे पुस्तक लिहिलं. त्यानं शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्यांची तुलना केली, नॉर्थ लॉनडेल आणि लिटल व्हिलेज. एकटे वृद्ध दोन्हीकडे होते. पण लिटल व्हिलेजमध्ये मृत्यूंचं प्रमाण कितीतरी कमी होतं. त्याला दिसलेलं एक मोठं कारण म्हणजे तिथला रस्ता. २६व्या स्ट्रीटवर दुकानं, फेरीवाले, वर्दळ. म्हातारी माणसं घराबाहेर पडायची, गार दुकानात टेकायची, ओळखीच्यांना भेटायची. दुसऱ्या वस्तीत दुकानं बंद पडलेली, रस्ते ओस आणि भीतीचे. लोक दार लावून घरात राहिले.

आपल्या आई-बाबांच्या घरात एसी आहे, सगळं आहे. तरी मला ही गोष्ट वारंवार आठवते. म्हाताऱ्या माणसाला औषधांच्या डब्याइतकीच माणसं लागतात, आणि माणसं भेटायला पाय ठेवावासा वाटेल असा रस्ता लागतो.

तेव्हा त्या २६व्या स्ट्रीटवर जाच. मेक्सिकन वस्ती आहे. गाडीवर एलोते मिळतं, म्हणजे आपलं कणीस! त्याला मेयोनीज आणि चीज लावतात, वर तिखट आणि लिंबू. मेयोनीज नको असेल तर हातानं खूण करा. आंब्याच्या फोडींवरही तिखट-मीठ-लिंबू. आईंना इंग्रजी येत नाही, त्या गाडीवाल्या बाईंनाही फारसं येत नव्हतं. पण अजून तिखट हवंय, हे दोघींना बरोब्बर कळलं.

आणि डेव्हन ॲव्हेन्यू अर्थातच. रेड लाइननं लोयोला स्टेशन, तिथून १५५ नंबरची बस. भाजी निवडून घेता येते, कढीपत्ता मिळतो, बाकड्यावर बसून माणसं बघता येतात.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं. त्यांना फक्त घेऊन जाऊ नका, त्यांना एकट्यानं जायला शिकवा. पहिल्या आठवड्यात तुम्ही बरोबर जा. दुसऱ्या वेळी तिकीट त्यांना काढू द्या, बसमध्ये कार्ड त्यांना टेकवू द्या. तिसऱ्या वेळी त्यांना पुढे चालू द्या, तुम्ही मागे. एका कागदावर घरचा पत्ता, तुमचा फोन, औषधांची नावं आणि परतीच्या ट्रेनची वेळ मोठ्या अक्षरात लिहून खिशात ठेवा. टोपी, पाण्याची बाटली आणि एक पातळ स्वेटर बरोबर हवाच, कारण तलावाकाठी हवा एकदम गार होते. निघण्याआधी वेळापत्रक एकदा बघून घ्या.

आमचे बाबा तिसऱ्या आठवड्यात एकटे ट्रेननं गेले, तलावाकाठी बसून आले. मी दिवसभर ऑफिसात फोनकडे बघत होते, खोटं कशाला सांगू! संध्याकाळी घरी आले ते थेट सांगायलाच लागले, कुठल्या बाकावर बसलो, कोणता पोलिश म्हातारा भेटला, त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं. इतके दिवस आम्ही त्यांना आमच्या दिवसाबद्दल सांगायचो. त्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तेच बोलत होते.

तर मंडळी, या शनिवारी एवढंच करा. आई-बाबांना घेऊन एकदा ट्रेनमध्ये बसा आणि तिकीट त्यांच्या हातात द्या. कसं झालं ते मला नक्की कळवा. तुमच्या गावात, मिलवॉकी असो, मिनियापोलिस असो की डेट्रॉइट, अशी कुठली फुकटची, सावलीची, बसायला बाक असलेली जागा असेल तर तीही सांगा. पुढच्या भागात वाचून दाखवेन.

काळजी घ्या, पाणी पीत राहा. भेटू लवकरच. नमस्कार!