राणी येसूबाई

इतिहासात नाव राहावयाचे तर माणसाने एखादी लढाई जिंकावी, नाही तर शौर्याने रणात पडावे. ज्यांनी वेळेवर निर्णय घेतला आणि त्याचे मोल मुकाट्याने मोजले, त्यांच्या वाट्याला बखरीतील चार ओळी येतात. छत्रपती संभाजीमहाराजांच्या पत्नी येसूबाई या अशांपैकी एक होत.

१६८९ च्या फेब्रुवारीत संभाजीमहाराज संगमेश्वरी मोगलांच्या हाती सापडले. रायगडावर त्या वेळी येसूबाई, त्यांचा सहा वर्षांचा मुलगा शाहू आणि एकोणिसाव्या वर्षात असलेले दीर राजाराम होते. वारसा पाहिला तर गादी शाहूची. आईने तसा आग्रह धरला असता तर तिला कोणी दोष दिला नसता. परंतु राज्यावर धाड आली असता अज्ञान बालक फौजेपुढे कसे उभे राहणार? येसूबाईंनी दिराच्या मंचकारोहणास मान्यता दिली.

मार्चमध्ये महाराजांचा वध झाला, आणि इतिकादखानाचा वेढा रायगडाला पडला. राजकुळातील सर्वांनी एकाच गडावर अडकून पडू नये, राजारामांनी बाहेर पडून राज्य राखावे, आपण शाहूसह गड सांभाळू, असा सल्ला त्यांनी दिल्याचे बखरकार सांगतात. एप्रिलमध्ये राजाराम निसटले आणि पुढे जिंजीस पोचले. मराठ्यांना राजा उरला, म्हणून झुंजही उरली. नोव्हेंबरात रायगड पडला, आणि येसूबाई मुलासह कैद झाल्या.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर १७०७ मध्ये शाहू सुटले; आईला मात्र मोगलांनी ओलीस म्हणून ठेवून घेतले. १७०८ मध्ये साताऱ्यास शाहूंना राज्याभिषेक झाला. जी गादी आईने एकदा स्वतःहून दुसऱ्याला दिली होती, तिच्यावर मुलगा बसला. पण तो सोहळा पाहण्यास ती तेथे नव्हती.

१७१९ मध्ये बाळाजी विश्वनाथ दिल्लीहून परतले ते चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा घेऊन. त्या सनदांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच प्रवासात सुमारे तीस वर्षांचा बंदिवास संपवून एक वृद्ध राणीही स्वदेशी येत होती, याची आठवण आपण क्वचितच ठेवतो. त्या सनदा ज्या राज्याला मिळाल्या, ते राज्य टिकले त्याचे काही श्रेय या राणीकडेही जाते, एवढे तरी आपण विसरू नये.