दीपनगरच्या राखेतून सायलॉन

भुसावळजवळचं दीपनगर वीज केंद्र खानदेशात सगळ्यांच्या ओळखीचं. तिथं 500 मेगावॅटचे दोन मोठे संच आहेत. आपल्या कोळशात राख फार. शंभर किलो जाळला की तीस-चाळीस किलो राख उरते. ती सिमेंटला जाते, विटांना जाते, बाकीची राखेच्या तळ्यात साठते. वारा सुटला की काय होतं, ते आसपासच्या गावांना विचारावं!

या राखेत मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिना असतं. त्यातला काही ऑक्सिजन काढून तिथं नायट्रोजन बसवला, की होतो सायलॉन: सिलिकॉन, ॲल्युमिनियम, ऑक्सिजन आणि नायट्रोजन यांचं सिरॅमिक. 1970 नंतरच्या एक-दोन वर्षांत जपानमध्ये ओयामा आणि कामिगाइतो यांनी, तर इंग्लंडात न्यूकॅसलला जॅक आणि विल्सन यांनी ते स्वतंत्रपणे शोधलं. थंड काचेच्या ग्लासात उकळता चहा ओतला की ग्लास तडकतो. सायलॉन तापून एकदम गार झाला तरी सहसा टिकतो. वितळलेलं ॲल्युमिनियम त्याला चिकटत नाही, म्हणून त्या रसात बुडवायच्या तापमापकाला सायलॉनची नळी घालतात. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, कापणाऱ्या हत्यारांची टोकंही त्याचीच करतात.

राखेपासून तो करायची रीत सांगायला सोपी. राख आणि काजळी बारीक दळून एकत्र करायची, नळीच्या भट्टीत नायट्रोजन सोडत 1400 अंशांच्या वर काही तास ठेवायची. काजळीतला कार्बन ऑक्सिजनला ओढून वायूरूपात बाहेर नेतो, त्याची जागा नायट्रोजन घेतो. हा वायू म्हणजे विषारी कार्बन मोनॉक्साइड, तेव्हा भट्टीतून निघणारा वायू खोलीबाहेर गेलाच पाहिजे. खरी डोकेदुखी लोखंडाची. राखेतलं लोखंड सिलिकॉनला धरून बसतं आणि भुकटी अशुद्ध होते. लोहचुंबकानं ते थोडं निघतं, सगळं नाही. पुढे भुकटी दाबून 1700 अंशांच्या आसपास पुन्हा नायट्रोजनमध्येच भाजायची. महाग काम आहे हे.

यानं दीपनगरची राख संपणार नाही. तिचं मोठं गिऱ्हाईक सिमेंटच राहणार. पण जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आणि धुळ्यातली महाविद्यालयं, दोघांच्याही हाताशी हा कच्चा माल आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, प्रकल्पाचा विषय शोधत असाल, तर आधी या राखेतलं लोखंड किती कमी करता येतं ते पाहा.