आधी पाटी, मग बाजार
(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात इंदूर येथे दिलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून सरकारी कार्यशाळेत लागलो, त्याला वीसहून अधिक वर्षे झाली. बुलडोझर, एक्स्कॅव्हेटर चालू ठेवणे हे आमचे काम. त्यातली काही यंत्रे माझ्या नोकरीपेक्षा जुनी आहेत. ओळखीचे लोक विचारतात, "या धुडांचे पार्ट आता मिळतात तरी कुठे?" त्याचेच उत्तर आज देतो.

सुरुवात माझ्या चुकीपासून करतो. नोकरीला दोनच वर्षे झाली होती. मे महिन्यात एका गावच्या तलावाची पाळ दुरुस्त करणे चालू होते. डोझरच्या फायनल ड्राइव्हचे सील गेले, तेल टिकेना. मी मॉडेलचे नाव लिहून सील मागवले. बारा दिवसांनी आले, ते बसेचना! मॉडेल तेच होते, पण मधल्या काळात कंपनीने आतली रचना बदलली होती. पार्टच्या पुस्तकात 'या क्रमांकापासून या क्रमांकापर्यंतच्या यंत्रांसाठी' असे छापलेले असते. मी यंत्राचा क्रमांकच कळवला नव्हता. योग्य सील येईपर्यंत पाऊस लागला. अर्धवट पाळेची माती वाहून गेली, तलाव भरला नाही. गावातले एक आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "साहब, अब अगले बरस?" ते शब्द अजून ऐकू येतात.

आमच्याकडच्या वयस्कर मिस्त्रींनी मला हाताला धरून डोझरपाशी नेले. थिनरचा बोळा फिरवला, तेव्हा रंगाच्या थराखालून पितळी पाटी दिसू लागली. दर खंडेनवमीला यंत्र रंगवताना आम्हीच तिच्यावर ब्रश मारत होतो. मिस्त्री म्हणाले, "बेटा, पुर्जा पहले मशीन पर ढूँढो, फिर बाजार में."

तेव्हापासून काही गोष्टी पाळतो.

पहिली, यंत्राची पाटी वेगळी आणि इंजिनाची वेगळी. दोन्ही उतरवून घ्यायच्या. किर्लोस्करांनी 1962 साली कमिन्सबरोबर पुण्यात कारखाना काढला. तसली इंजिने डोझरवर असतात, तशी जनरेटरवरही असतात. त्यामुळे यंत्र बंद पडलेल्या कंपनीचे असले, तरी इंजिनाचा भाग मिळू शकतो. भारत अर्थ मूव्हर्स ही 1964 सालची सरकारी कंपनी. तिचे जुने डोझर जपानच्या कोमात्सूच्या सहकार्याने बनलेले. म्हणून चौकशी दोन्ही नावांनी करावी, पण क्रमांक जुळवूनच घ्यावे.

दुसरी, बेअरिंगवरचा आकडा वाचावा. 6308 असेल तर शेवटच्या 08 ला पाचने गुणा. आतले भोक 40 मिलिमीटर. असे बेअरिंग यंत्राच्या कंपनीच्याच डब्यातून यावे असे नाही, आपल्या सियागंजमधल्या चांगल्या दुकानातही मिळते. मात्र आकड्यापुढची अक्षरेही जुळली पाहिजेत.

तिसरी, आटे मोजावेत. अर्ध्या इंचाच्या जुन्या ब्रिटिश बोल्टला इंचाला 12 आटे, अमेरिकन जाड आट्याच्या बोल्टला 13. हातात घेतले तर दोन्ही सारखेच वाटतात. जोर करून नट बसवला की दोन्ही गेले.

चौथी, जुना भाग लगेच भंगारात टाकू नये. ट्रॅकच्या साखळीतले बुश एकाच बाजूने झिजतात. वेळेवर काढून अर्धा फेरा फिरवून बसवले, की न झिजलेली बाजू कामाला येते. साधा बुश लेथवर करून घेता येतो. पण ब्रेक आणि स्टिअरिंगला हात लावताना जुगाड नाही. तिथे ऑपरेटरचा जीव असतो.

मिस्त्री पुढे निवृत्त झाले. त्यांची मापांची तेलकट वही माझ्याकडे आहे. कोणता भाग कोणत्या यंत्राचा कोणत्या यंत्राला चालतो, हे त्यांनी तीस वर्षे टिपून ठेवले होते. पार्टची जुनी पुस्तके मात्र एकदा खोली रिकामी करताना रद्दीत गेली. मला कळले तेव्हा लोहामंडीकडच्या कबाड्याकडून त्यातली चार मिळाली. पैसे किलोच्या भावाने दिले. आता नव्या मुलांना मी आधी वही देतो, नंतर पाना.

पुढच्या मे महिन्यात त्याच डोझरने ती पाळ पूर्ण केली. आजोबांनी आम्हाला ताक पाजले.

थोड्याच दिवसांत खंडेनवमी येईल. घरातले शिलाई मशीन असो, विहिरीवरचा पंप असो, हार घाला, कुंकू लावा. फक्त पाटीवर रंग मारू नका, आणि तिच्यावरचा क्रमांक एका वहीत उतरवून ठेवा. पुढे कुणाला तरी तो लागणार आहे.

गणपती बाप्पा मोरया!