मित्र बघत असतात तेव्हा

"पोरांना कळत नाही," असं आपण सहज म्हणून जातो. माझा अनुभव उलटा आहे. पंधरा-सोळाव्या वर्षी त्यांना पुष्कळ कळतं. हेल्मेट का घालायचं, ट्रिपल सीट का बसायचं नाही, एकट्याला शांतपणे विचारा, तो बिनचूक सांगेल. मग क्लास सुटल्यावर तोच मुलगा मित्रांना मागे बसवून सिग्नल का तोडतो?

अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 2005 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावर गाडी धावते आहे, पुढे पिवळा दिवा लागलाय. जितकं पुढे जाल तितके गुण. पण लाल लागून समोर भिंत आली आणि गाडी थांबलेली नसली, तर मिळवलेलं गेलं. खेळणारे तीन वयांचे होते : तेरा ते सोळा, अठरा ते बावीस आणि चोवीसच्या पुढचे. काही एकटे खेळले, काहींजवळ बरोबरीचे दोघं बसवले. सोबत मिळताच सर्वांत लहान गटानं जवळजवळ दुप्पट धोका पत्करला. मधल्या गटातही वाढ दिसली. मोठ्यांवर मात्र काहीच परिणाम नाही!

स्टाइनबर्ग यांच्याच गटानं 2011 मध्ये असाच खेळ एमआरआय यंत्रात घेतला. मित्र नुसते दुसऱ्या खोलीतून बघत होते. तेवढ्यानंही किशोरांच्या मेंदूतला, बक्षिसाची चाहूल लागताच चेतणारा भाग जास्त उजळला. हा भाग वयात येतानाच तरतरीत होतो. आवर घालणारा, कपाळामागचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत घडत राहतो. न वापरलेल्या जोडण्या छाटल्या जातात, वापरातल्यांवर मायलिनचं आवरण चढतं आणि संदेश वेगानं धावू लागतात.

या वयाला मी आजार मानत नाही. बक्षिसाकडे खेचणारी हीच ओढ त्यांना अनोळखी गावी शिकायला नेते, हजार लोकांपुढे गायला उभं करते. ती मारून टाकावी असं मला मुळीच वाटत नाही.

म्हणून माझा भर उपदेशावर नाही, परिस्थिती बदलण्यावर आहे. न्यूझीलंडनं 1987 साली टप्प्याटप्प्यानं परवाना देण्याची पद्धत आणली. नवख्या चालकाला रात्री उशिरा एकट्यानं गाडी चालवायला आणि सोबत प्रवासी घ्यायला मर्यादा असतात. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनं अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीचा गुन्हा घडला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड ठेवला. ते योग्यच आहे. पण अठरा पूर्ण होऊन पक्का परवाना मिळाला, की त्याच रात्री मित्राला मागे बसवून हायवेवर जायला कुठलीच आडकाठी नाही. पहिलं वर्षभर तरी रात्रीची आणि समवयस्क सोबत्यांची मर्यादा परवान्यावरच छापलेली असावी. कायदा होईपर्यंत हे घरात सुरू करता येईल : किल्ली देताना "सावकाश जा" म्हणण्याआधी "मागे कोण बसणार आहे?" हे विचारा.