काल रात्री काय जेवलास?



साहित्याच्या व्याख्यानमालेत डॉक्टर बोलायला उभा राहिला की श्रोत्यांच्या मनात दोन शंका येतात. हा पथ्यं सांगणार, आणि वेळेत आवरणार नाही. पहिली शंका खरी आहे. दुसरीबद्दल प्रयत्न करतो.

विषय आहे आपल्या घरांतून कॉलेजला, विद्यापीठात गेलेल्या मुलामुलींच्या तब्येतीचा. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरातलं एक तरी पोर आज बाहेर आहे. कुणी पहाटेच्या बसने खानापूर गाठून पुढे बेळगावला जातं, कुणी बेळगावातच खोली करून राहिलंय, कुणी कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात आहे, कुणी पुण्यात. त्याला गुण किती पडले हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. त्याचं वजन किती उतरलं, हे कुणालाच ठाऊक नसतं.

माझ्यापासूनच सुरुवात करतो. बी. एच. एम. एस. करायला बेळगावला गेलो तेव्हा शहापुरात आम्हा तिघांत एक खोली होती. आमचं घर जैन. दिवस मावळायच्या आत जेवायचं, कांदा-लसूण-बटाटा नाही. खानावळ उघडायची रात्री आठला आणि प्रत्येक भाजीत कांदा. आईला शब्द दिला होता, तो मोडवत नव्हता. मग संध्याकाळी चार केळी, मूठभर शेंगदाणे, आणि रात्री पोटात कावळे. दोन महिन्यांत पँट दोरीने बांधायची वेळ आली. घरी दर आठवड्याला पोस्टकार्ड जायचं, त्यातली पहिली ओळ ठरलेली : इकडे सर्व क्षेम, काळजी नसावी. आपण खोटं लिहितोय असं वाटायचंही नाही. वडिलांनी भाताची पोती विकून फी भरली होती, त्यांना पोटाचं रडगाणं काय सांगायचं? पुढे शेजारच्या एका कानडी घरातल्या अक्कांनी महिन्याचे पैसे ठरवून दिवेलागणीच्या आधी दोन भाकरी आणि डाळ द्यायचं कबूल केलं. माझी डिग्री त्या भाकरीवर झाली.

आता दुसरी गोष्ट. ही सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगायलाच हवी. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीत कोल्हापूरहून आला. खोकला होता. आई म्हणाली, "हवा बदलली की होतंय, डॉक्टर." मी गोळ्या दिल्या. आठ दिवसांनी परत आला, मी गोळ्या बदलल्या. तिसऱ्या खेपेला त्याचा शर्ट खांद्यावरून ओघळताना पाहिला आणि काट्यावर उभा केला. सत्तेचाळीस किलो. जूनमध्ये चौपन्न होता. संध्याकाळी अंग गरम होतं का, विचारलं. "होतंय, दोन महिने झाले." मग त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. थुंकीत क्षयाचे जंतू निघाले.

जे काट्याने पहिल्या दिवशी सांगितलं असतं, ते मी तिसऱ्या खेपेला विचारलं. तो दोष माझा. आमची औषधपद्धती मी चाळीस वर्षं करत आलो आणि माझी तिच्यावर श्रद्धा आहे, पण क्षयाला साबुदाण्याएवढ्या गोळ्या चालत नाहीत, हे मी इथे स्पष्ट सांगतो. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन उतरणं, यातलं काहीही असलं तर थुंकी तपासायची. सरकारी दवाखान्यात तपासणी फुकट, औषधंही फुकट. साधारण सहा महिने घ्यावी लागतात आणि मध्येच बरं वाटलं म्हणून सोडायची नसतात. रुग्णाच्या खात्यात पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये जमा व्हायचे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले.

त्या मुलाला विचारलं, दोन महिने गप्प का बसलास? तो म्हणाला, "घरात कळलं तर परत पाठवणार नाहीत." म्हणजे माझ्या पोस्टकार्डातलीच ओळ. मधे इतकी वर्षं गेली, खिशात मोबाइल आला, आणि ओळ तीच.

ही ओळ फार जुनी आहे. आनंदीबाई जोशी तुम्हाला माहीत आहेत. श्री. ज. जोशींची 'आनंदी गोपाळ' इथल्या किती घरांत वाचली गेली असेल! ही अठरा वर्षांची मुलगी १८८३ साली अमेरिकेला गेली. निघण्यापूर्वीच डोकं दुखायचं, अधूनमधून ताप, धाप लागायची. फिलाडेल्फियाची थंडी, परका आहार, आणि डोंगराएवढा अभ्यास. मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची जागा तिच्यासाठी ठरली होती. कोल्हापूर म्हणजे आपल्या शेजारी. आपल्या पणज्यांपैकी एखादी तिच्याकडे गेली असती. पण ती जागा तिने घेतलीच नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेली, वयाची बावीस वर्षं पुरी व्हायच्या आत. तिच्या काळी क्षयावर औषध नव्हतं. कॉखने त्याचा जंतू शोधल्याचं १८८२ मध्ये जाहीर केलं, पण पहिलं खरं औषध यायला पुढे साठ वर्षं लागली. आपण तिचा पुतळा करतो, धडा करतो. तिला बरं नव्हतं आणि तरी ती शिकत राहिली, याचं आपण कौतुक करतो. मला डॉक्टर म्हणून त्या कौतुकाची थोडी भीती वाटते. औषध असलेल्या काळातली पोरंही तेच करू लागली तर?

उलट उदाहरण टिळकांचं. अंगाने किरकोळ होते म्हणून डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष त्यांनी तालमीत आणि पोहण्यात घालवलं आणि परीक्षेत नापास झाले. आजच्या पालकांनी काय केलं असतं, कल्पना करा! त्याच कॉलेजातले त्यांचे मित्र आगरकर. घरची गरिबी, आणि पुढे दम्याने पोखरलेले; १८९५ मध्ये चाळिशीच्या आतच गेले. यातून तालमीचा हिशेब मांडू नका, दम्याचं गणित इतकं सोपं नसतं. मी एवढंच म्हणतो की शरीरासाठी एक वर्ष खर्च झालं तर जन्म वाया जात नाही, याला टिळक साक्षीला आहेत.

आता पथ्यं. भिऊ नका, थोडीच आहेत.

पाणी. आमच्याकडे पाणी गाळून, उकळून पिण्याची रीत आहे. गाळल्याने कचरा अडतो, काविळीचे विषाणू अडत नाहीत. ते उकळल्यावर मरतात. खोलीवर राहणाऱ्या पोराला इतर काही घेऊन देण्याआधी पाणी उकळायची किटली द्या.

जेवण. पहाटेच्या बसची मुलगी चहा-बिस्कीट खाऊन निघते आणि दुपारी तीनला घरी येऊन जेवते. जून २०२३ पासून मुलींना बसचं तिकीट नाही, फार चांगलं झालं; पण बसमध्ये उभं राहायलाही अंगात रक्त लागतं. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर बायकांत ५७ जणींना रक्तक्षय निघाला. माझ्या दवाखान्यात "अभ्यासात लक्ष लागत नाही" म्हणून आणलेल्या कितीतरी मुलींचं हिमोग्लोबिन नऊच्या खाली होतं. आयांनी त्यांना आळशी ठरवलेलं होतं. डब्यात नाचणीची भाकरी, मोड आलेली मटकी किंवा हरभरे, वर लिंबू पिळलेलं, गुळाचा खडा. लिंबाने लोह अंगी लागतं, आणि जेवणाबरोबरचा चहा ते अडवतो. तेव्हा चहा तासभराने. रक्त फार कमी असेल तर नुसत्या भाकरीने भागत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. आणि आमच्यासारख्या शाकाहारी घरांना स्वतंत्र सांगतो, बी-१२ हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात मिळत नाही. दूध, दही, ताक सुटलं आणि हातापायांना मुंग्या येऊ लागल्या, तर तपासून घ्या. यात धर्म बुडत नाही.

झोप. या वयात सात तास तरी हव्यात. दिवसभर वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं ते झोपेत. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारा मुलगा पेरलेलं बी उकरून बघतो. मोबाइलबद्दल बोलत नाही. या सभागृहात आतापर्यंत किती वाजले ते मी ऐकलंय.

शेवटचं दुखणं काट्यावर दिसत नाही. आपल्याकडची पोरं मराठी शाळेतून जातात आणि कॉलेजात एकदम इंग्रजी, आजूबाजूला कानडी. पहिले सहा महिने वर्गात निम्मं कळत नाही. गावात पहिला आलेला मुलगा तिथे गप्प होतो, जेवायला एकटा जातो, मग जातच नाही. सुट्टीत घरी आला की दिवसभर झोपतो. आपण म्हणतो, दमलाय. कधी दमलेला असतो, कधी नसतो. "मला जगायचंच नाही" असं कुणी चेष्टेत म्हणालं तरी चेष्टा समजू नका. शेजारी बसा, सरळ विचारा. विचारल्याने तसला विचार डोक्यात भरत नाही. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर लिहून ठेवा, तो रात्रंदिवस चालतो, फुकट आहे, आपल्या भाषेत बोलता येतं. मानसोपचाराच्या डॉक्टरकडे नेणं म्हणजे वेडा ठरवणं नव्हे. आपल्या जुन्या घरांना ही लाज जास्त आहे, मला माहीत आहे, कारण रात्री मागच्या दाराने आलेले पालक मी पाहिलेत.

व्यायामाचं सांगत नाही, तुम्ही ऐकणार नाही. बेळगावात रिक्षा न करता चालत गेलं तरी पुष्कळ.

आज रात्री फोन कराल तेव्हा "अभ्यास कसा चाललाय?" हे जरा मागे ठेवा. त्याला उत्तर एकच येतं, "चाललाय." त्याऐवजी विचारा, काल रात्री काय जेवलास? किती वाजता झोपलास? वजन केलंस का? पोर दोन दिवस चिडेल. तिसऱ्या दिवशी खरं सांगेल. पण खरं सांगितलं तर शिक्षण बंद होणार नाही, हा शब्द आधी तुम्ही द्यायला हवा. नाहीतर पोस्टकार्डच येईल.

त्या कोल्हापूरच्या मुलाचं वर्ष बुडालं. औषध त्याने पुरं केलं, पुढच्या वर्षी परीक्षा दिली, आज नोकरीला आहे. दिवाळीला गावी आला की दवाखान्यात डोकावतो, चप्पल काढून काट्यावर चढतो आणि मी न विचारता आकडा सांगतो. मागच्या दिवाळीला एकसष्ट होता.